‘तू खरी ज्यू नाहीस’

ठाण्याहून आलेल्या एका सविस्तर पत्राचा सारांश प्रथम देत आहे. पत्रलेखिका २७ वर्षांची असून तिच्या विनंतीवरून नाव आणि घरचे तपशील वगळले आहेत.

‘माझे वडील बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले, आई मराठा. दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि कोणीही धर्म बदलला नाही. आजोळी गणपती आणि आमच्या घरी शुक्रवारी संध्याकाळचे दिवे आणि मनुकांचे सरबत, अशी मी वाढले. तरी कोणी विचारले तर स्वतःला ज्यूच म्हणत आले. आठ महिन्यांपूर्वी वडील गेले. मी एकुलती एक, त्यामुळे त्यांच्यासाठी कद्दीश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणायला मुलगा नाही. मी म्हणू का असे मशिदीत (आमच्या सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) विचारले, तेव्हा प्रार्थना चालवणाऱ्या हझानकाकांनी फार सौम्यपणे नाही म्हणून सांगितले. पुढे इस्राएलहून आलेला आतेभाऊ बोलता बोलता म्हणाला, तुझी आई ज्यू नाही, म्हणजे तू खरी ज्यू नाहीस. हा भाऊ अश्दोदला कोळंबी खातो, प्रार्थनेला जात नाही, देव मानत नाही. देवाबद्दल मलाही खात्री नाही, पण वडिलांसारखी मीही कोळंबी खात नाही आणि योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास कधी चुकवलेला नाही. आत्या म्हणते, इकडे निघून ये, कायद्याने तुला हक्क आहे. ऑफिसमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून लोक मला गाझाबद्दल जाब विचारतात. मी ज्यू आहे की नाही? असेन तर आजच्या काळात त्या असण्याला अर्थ काय? डीएनए चाचणी करून घेतली तर हा प्रश्न मिटेल का?’

तुमच्या वडिलांच्या निधनाबद्दल मनापासून सहवेदना. मी स्वतः ज्यू नाही, आणि असते तरी धर्मनिर्णय देण्याचा अधिकार सदरलेखिकेला नसतो, हे आधीच सांगून ठेवते. मात्र तुमच्या पत्रात अनेक प्रश्न एकमेकांत इतके गुंतले आहेत की त्यांतला गुंता सोडवणे एवढे काम मला जमण्यासारखे आहे असे वाटते.

कद्दीशचे आधी घेते, कारण त्याला मुदत आहे. आईवडिलांसाठी अकरा महिने कद्दीश म्हणण्याची रूढी आहे आणि तुमचे आठ महिने सरले आहेत. पारंपरिक पद्धतीत त्यासाठी दहा प्रौढ ज्यू पुरुषांचा मिनियान जमावा लागतो आणि मृताचा मुलगा कद्दीश म्हणतो. मुलगा नसेल तर नात्यातला किंवा समाजातला दुसरा पुरुष तो म्हणू शकतो. ही जुनी, सर्वमान्य सोय आहे आणि तिच्यात कसलाही कमीपणा नाही. हझानकाकांचे उत्तर त्यांच्या चौकटीत बरोबर होते, परंतु ‘मग दुसरे कोणी म्हणेल का’ हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारलेला दिसत नाही. तो याच आठवड्यात विचारा. वडिलांचे चुलतभाऊ असतील, मित्र असतील, नाहीतर हझानकाका स्वतः असतील. अरामी भाषेतल्या त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही, ती सबंध ईश्वराच्या थोरवीविषयी आहे, आणि म्हणणाऱ्याच्या शब्दांइतकेच महत्त्व समोरच्या मंडळींनी दिलेल्या ‘आमेन’ला असते. स्त्रियांच्या बाजूला उभे राहून ‘आमेन’ म्हणण्यासाठी तुम्हाला कोणाच्या दाखल्याची गरज नाही.

आता मूळ प्रश्न. तुम्ही तो एक प्रश्न म्हणून मांडला आहे, पण तो तुम्हाला निदान तीन वेगवेगळ्या दारांवर विचारला जातो. धर्मशास्त्र विचारते ते लग्न, दफन आणि मिनियान यांच्या व्यवस्थेसाठी. इस्राएलचे राज्य विचारते ते व्हिसा आणि नागरिकत्वासाठी. आणि तुमचा समाज, तुमचे घर, तुम्ही स्वतः विचारता ते कोणत्या सणाला कोणाच्या पंगतीला बसायचे हे ठरवण्यासाठी. ही तिन्ही उत्तरे जुळायलाच हवीत असा नियम कोठेही नाही आणि प्रत्यक्षात ती पुष्कळदा जुळत नाहीत. आतेभावाने पहिल्या दाराचे उत्तर उचलून तिसऱ्या दाराला लावले. ‘खरी’ हा शब्द त्याने पदरचा घातला.

पहिल्या दाराचे उत्तर मात्र मी गुळमुळीत करून सांगणार नाही. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहापासून हलाखाचा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा, नियम स्पष्ट आहे: ज्यू पुरुष आणि ज्यू नसलेली स्त्री यांचे अपत्य आईकडे जाते. त्या नियमाने भाऊ ज्यू आहे आणि तुम्ही नाही. त्याने कोळंबी खाल्ल्याने त्याचे ज्यू असणे रद्द होत नाही आणि तुम्ही न खाल्ल्याने तुमचे सिद्ध होत नाही. हे ऐकायला अन्यायाचे वाटते, तरी त्यामागे विचार आहे. शतकानुशतके राज्य नसलेल्या, आज येथून तर उद्या तेथून हुसकावल्या जाणाऱ्या समाजाने सदस्यत्व केवळ आचरणावर ठेवले असते, तर प्रत्येक छळात आणि प्रत्येक सक्तीच्या धर्मांतरात त्याची माणसे कायमची गळाली असती. पाप केले तरी तो इस्राएलच, असे तल्मूद या जुन्या चर्चाग्रंथातले एक वचन म्हणूनच वारंवार सांगितले जाते. १६५६ मध्ये आम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने तत्त्वज्ञ बारुख स्पिनोझाला बहिष्कृत केले, तो पुन्हा कधी परतला नाही, आणि तरी ज्यू विचारवंतांची कोणतीही यादी आज त्याला वगळून होत नाही. जन्माने लाभलेले हे छत्र इतके पक्के आहे, आणि त्याच पक्केपणाची दुसरी बाजू तुमच्या वाट्याला आली आहे.

परंतु तुमच्याच समाजाची कथा आठवा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, मृतांना तेथेच पुरले, पोथ्या समुद्राने नेल्या, ही परंपरा तुमच्या घरी सांगितली गेली असेलच. पुढे पिढ्यानपिढ्या ही माणसे कोकणात तेलाचे घाणे चालवत राहिली, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणवली गेली, आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी गावांची आडनावे घेऊन नांदली. त्यांच्याकडे रब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हता, ग्रंथ नव्हता, हिब्रू जवळजवळ विसरले होते. शिल्लक होते ते शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशीची सुंता, आहाराचे नियम, काही सण आणि ‘शेमा इस्राएल’ या प्रार्थनेचे पहिले वाक्य. मग दावीद राहाबी नावाचा बाहेरचा ज्यू आला. त्याचा काळ कोणी हजार वर्षांपूर्वीचा मानतो, कोणी अठराव्या शतकातला मानतो, तो वाद बाजूला ठेवू. हे लोक खरोखरच इस्राएल आहेत का हे पाहण्यासाठी त्याने काय केले? परंपरा सांगते की त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवून ती रांधायला सांगितली, आणि बायकांनी ज्यू नियमाने चालणारी, म्हणजे पर आणि खवले असलेली मासळी तेवढी निवडून बाकीची बाजूला सारली. राहाबीची खात्री पटली.

ही कथा मला फार मोलाची वाटते. परीक्षा घ्यायला आलेल्या माणसाने वंशावळ मागितली नाही, कारण ती कोणाकडेच नव्हती. त्याने टोपलीतून कोणता मासा उचलला जातो हे पाहिले. कोकणात राहून कोळंबी, तिसऱ्या आणि चिंबोऱ्या सोडणे म्हणजे काय असते हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. हलाखाच्या दृष्टीने ही कथा कसलाच पुरावा नव्हे, आणि कोणा रब्बीपुढे ती दाखल करू नका. पण बेने इस्राएल समाज स्वतःच्या ओळखीविषयी स्वतःशी काय बोलत आला, हे तिच्यातून स्वच्छ दिसते.

आणि त्या वेळी ‘ज्यू असण्याचा अर्थ काय’ हा प्रश्न त्यांना पडला नसावा असे मी धरून चालते. कोकणात ती एक जात होती. जातीला शेजारी असतात, व्यवसाय असतो, रोटीबेटीचे नियम असतात. तिला तत्त्वज्ञान लागत नाही. युरोपातही फार वेगळे नव्हते. तेथला ज्यू आपल्या वस्तीत, आपल्या कायद्याखाली राहत होता आणि आपण कोण हे त्याला बाहेरच्यांनी रोज आठवण करून दिलेले असे. १७९१ मध्ये फ्रान्सने ज्यूंना बरोबरीचे नागरिकत्व दिले आणि तेथून खरा पेच सुरू झाला: तुम्ही फ्रेंच नागरिक आहात, तर मग ज्यू असणे हा तुमचा धर्म आहे, की वंश, की राष्ट्र? जर्मनीत काहींनी प्रार्थना बदलून, ऑर्गन आणून तो केवळ धर्म आहे असे सांगितले. काहींनी नियमांचे एक अक्षरही ढळू न देता उत्तर दिले. काहींनी धर्म सोडून राष्ट्र म्हटले आणि त्यातून पुढे झायोनवाद, म्हणजे ज्यूंच्या स्वतःच्या राज्याचा विचार, वाढला. अमेरिकेत मोर्डेकाय काप्लान यांनी विसाव्या शतकात ती एक संस्कृती आहे, धर्म हा तिचा एक भाग, असे मांडले. या सगळ्यांचे वंशज आज एकाच वेळी हयात आहेत आणि एकमेकांशी भांडत आहेत. तेव्हा तुम्हाला पडलेला प्रश्न तुमच्या आईवडिलांच्या लग्नातून निर्माण झाला असे समजू नका. तो गेली सव्वादोनशे वर्षे सर्वांनाच पडलेला आहे. शुद्ध ज्यू आईच्या पोटी जन्मलेल्यांनाही तो चुकलेला नाही.

‘खरा ज्यू कोण’ ही विचारणा तुमच्या समाजाला नवी नाही, आणि तिचा इतिहास मी थोडा सविस्तर सांगते, कारण तो माहीत असला की भावाचे वाक्य एवढे बोचणार नाही. १८३६ मध्ये बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्राएलांच्या थडग्यांमध्ये भिंत घालून मिळावी. बेने इस्राएलांची मुंबईतली पहिली मशीद १७९६ ची, म्हणजे या अर्जाच्या चाळीस वर्षे आधीची; तरी मातीतसुद्धा शेजार नको होता. रंगूनमध्ये सिनेगॉगमधल्या हक्कांवरून असाच वाद १९३० च्या दशकात न्यायालयात गेला आणि निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने लागला. नंतर हजारोंनी लोक इस्राएलला गेले, बेरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद येथे राबले, आणि तेथे १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या कारकिर्दीत विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना निघाल्या की बेने इस्राएल व्यक्तीचे लग्न समाजाबाहेरच्या ज्यूशी लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागे जाऊन तपासाव्यात. कोकणातल्या गावात शंभर वर्षांपूर्वी घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाला होता की नाही, याचा कागद कोण कोठून आणणार? १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये या लोकांनी ठाण मांडले, निदर्शने केली, आणि पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने आणि क्नेसेटने म्हणजे संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे जाहीर केल्यानंतर ती सूचना मागे सरली. तुमच्या आत्याच्या पिढीला हे ऐकून माहीत असेल. भावाला माहीत आहे का, हे एकदा विचारा.

मात्र ही कथा येथे थांबवली तर ती फारच सोयीची होईल. ज्या समाजाला कबरीजवळची भिंत लागली, त्यानेच आपल्या आत एक भिंत घातली होती. समाजाबाहेरच्या स्त्रियांपासून झालेल्या संततीला आणि तिच्या वंशजांना ‘काळे इस्राएल’ म्हणत, उरलेले ‘गोरे’. दोघांत बेटीव्यवहार नव्हता आणि पंगतीतही अंतर असे. दीडशे वर्षांपूर्वी तुम्ही रायगडातल्या एखाद्या गावात जन्मला असता तर तुमची गणना कोठे झाली असती हे वेगळे सांगायला नको. ती विभागणी आज मागे पडली आहे. ती कोणा रब्बीच्या निर्णयाने संपल्याचे मला माहीत नाही. शाळा, शहर आणि स्थलांतर यांनी तिचा निकाल लावला. म्हणून मी असे म्हणेन की हलाखाचा नियम हा नियम म्हणून मान्य करावा, पण त्याच्या आडून येणारा तुच्छतेचा सूर मान्य करू नये.

धर्मस्वीकाराचा मार्ग तुम्ही पत्रात विचारलेला नाही, तरी तो मनात असणार. त्यासाठी तीन न्यायाधीशांचे बेथ दिन म्हणजे धर्मन्यायालय लागते, मिकव्यात म्हणजे विधीच्या कुंडात स्नान लागते, आणि त्याहून अवघड म्हणजे मित्स्वा, अर्थात धर्माज्ञा, पाळण्याची प्रामाणिक तयारी लागते; येणाऱ्याला आधी परतवून पाहण्याची रब्बींची जुनी रीतही आहे. येथे एक विचित्र गोष्ट तुमच्या लक्षात येईल. जन्माने ज्यू असलेल्या भावाला देव न मानण्याची मुभा आहे, तुम्हाला दारातून आत येताना ती नाही. म्हणून माझा सल्ला असा की भावाला उत्तर म्हणून, किंवा वडिलांच्या दुःखाच्या भरात, हे पाऊल उचलू नका. एखाद-दोन वर्षे जाऊ द्या. शनिवार पाळून पाहा, हिब्रू अक्षरे शिका, दर आठवड्याचा तोरा या मूळ धर्मग्रंथाचा भाग मराठीतून वाचा, आणि त्यानंतरही ओढ राहिली तर रब्बीला गाठा. तसे झाले तर मिळणारे सदस्यत्व दुय्यम नसेल. बाराव्या शतकात ओबाद्या नावाच्या एका धर्मस्वीकार केलेल्या माणसाने मैमोनिदेस या थोर ज्यू पंडिताला विचारले होते की प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे. मैमोनिदेसने कळवले की सगळे जसेच्या तसे म्हण, काही बदलू नकोस. बायबलमधली रूथ तर जन्माने ज्यू नसलेली, मवाबी होती, आणि दावीद राजा तिच्याच वंशात झाला.

उदारमतवादी प्रवाहही आहेत. अमेरिकेतल्या सुधारणावादी रब्बींनी १९८३ मध्ये ठरवले की आई किंवा वडील यांपैकी एक ज्यू असेल आणि मूल ज्यू म्हणून वाढले, तसे आचरण त्याने उघडपणे केले, तर ते ज्यू मानावे. मुंबईत १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांनी ज्युइश रिलिजस युनियन स्थापून या विचाराला जागा करून दिली होती. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव मोठे, पण हे कामही लहान नव्हते. या प्रवाहात तुमच्यासारख्या व्यक्तीचे स्वागत होऊ शकते. फक्त त्या स्वागताने ठाण्याच्या मशिदीतला किंवा इस्राएलच्या रब्बी न्यायालयातला प्रश्न सुटेल असे गृहीत धरू नका. ते दार वेगळे आहे.

डीएनए चाचणीबद्दल थोडक्यात लिहिते. बेने इस्राएल समाजाच्या जनुकांवर अभ्यास झाले आहेत आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा मोठा वाटा दिसला. तुमच्या आईवडिलांकडे पाहून तुमच्याबद्दल प्रयोगशाळा काय सांगेल हे आत्ताच सांगता येते. हलाखा टक्केवारी मोजत नाही, आणि ठाण्याची मशीदही मोजत नाही. पैसे वाचवा.

आता देवाविषयी. मैमोनिदेसने श्रद्धेचे तेरा सिद्धांत मांडले आणि ते आजही प्रार्थनेत गायले जातात, तेव्हा ज्यू धर्मात श्रद्धेला स्थान नाही असे म्हणणे चूक होईल. परंतु दिवसाचा बराचसा व्यवहार कृतींनी भरलेला आहे: काय खावे, कधी थांबावे, कोणाला किती द्यावे, कोणता आशीर्वाद कोणत्या घासावर म्हणावा. तुमच्या समाजाच्या मलिदा विधीचे ताट आठवा. भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, खवलेला नारळ आणि वेलची, वर खजूर, केळी आणि इतर फळे, आणि समोर एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचे गाणे. खजूर उचलताना झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणतात आणि केळे उचलताना जमिनीच्या फळाचा, कारण केळीला धर्मशास्त्र झाड मानत नाही. एवढा बारकावा! तोंडात घास घालण्यापूर्वी हातात काय आहे ते नीट पाहा, असा हा शिरस्ता आहे, आणि तो पाळण्यासाठी देवाबद्दलची शंका आधी फिटलीच पाहिजे अशी अट मला तरी त्यात दिसत नाही. मलिद्याचे ताट मात्र बगदादहून आले नाही आणि पोलंडहूनही आले नाही. एलियाहूच्या नावाने पोह्यांचे ताट मांडणारे ज्यू मूळचे कोकणातलेच.

आजच्या काळात या असण्याचा अर्थ काय, याचे माझे उत्तर म्हणूनच घरगुती आहे. आठवड्यातून एक दिवस फोन, खरेदी आणि कमाई यांना नाही म्हणणे. वर्षातून एकदा उपास धरून ज्यांना दुखावले त्यांच्याकडे आधी स्वतः जाऊन क्षमा मागणे, कारण माणसाविरुद्धच्या अपराधाची क्षमा योम किप्पूर परस्पर देत नाही. पेसाह सणाच्या रात्री आपण स्वतः मिसरच्या गुलामीतून सुटलो असे मानून ती कथा पुन्हा सांगणे. आणि वादात हरलेल्या पक्षाचे मतही तल्मूदासारखे लिहून ठेवणे. पेसाहला वाचायची पोथी, हग्गादा, मराठीत एकोणिसाव्या शतकातच छापली गेली आहे आणि पुण्याच्या १८७४ च्या आवृत्तीत चित्रेही आहेत. तुमच्या पणजोबांच्या पिढीने हिब्रू कथांची मराठी कीर्तने ऐकली आहेत. दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण ही तुमच्या सणांची जुनी मराठी नावे घरात कोणाला आठवत असतील तर लिहून घ्या. आईलाही विचारा. वीस-पंचवीस वर्षे शुक्रवारी मनुका भिजत घालण्याचे काम तिनेच केले असेल, आणि घराच्या ज्यूपणाचा निम्मा भार वाहणाऱ्या बाईला तिच्या माघारी ‘तुझी आई ज्यू नाही’ एवढ्या वाक्यात बसवले गेले हे तिला कळले असेल तर तिचेही काही सांगायचे असेल. आजोळच्या गणपतीला जाणे थांबवू नका. तेथे नात म्हणून जाता, तशाच जा.

ऑफिसमधल्या जाब विचारण्याबद्दल मी थोडी कडक आहे. ठाण्यात नोकरी करणारी एक भारतीय नागरिक परदेशी सरकारच्या युद्धाची प्रवक्ती नसते, आणि धर्मावरून तिला तसे उभे करणे हा अपमान आहे, विचारणाऱ्याचा कल कोणत्याही बाजूचा असो. ‘मी त्या देशाची नागरिक नाही, माझी माणसे तेथे आहेत, आणि या विषयावर मी कामाच्या जागी बोलत नाही’ एवढे तीनदा शांतपणे सांगा. चौथ्यांदा कोणी आले तर वरिष्ठांकडे लेखी द्या. तुमचे स्वतःचे मत काय असावे हे मात्र मी सांगणार नाही. इस्राएलमधले आणि जगभरातले ज्यू त्या युद्धावर एकमेकांशी तीव्र मतभेद बाळगतात. अमुक एक मत नसेल तर तुम्ही ज्यू नाही असे कोणी म्हणाले, मग ते आत्याकडचे असो वा सहकाऱ्यांपैकी, तर तेही भावाच्याच वाक्याचे दुसरे रूप समजा.

राहिले आत्याचे बोलावणे. कायद्याबद्दल ती बरोबर सांगते आहे. इस्राएलचा परतीचा कायदा १९५० चा. १९७० च्या दुरुस्तीने त्यात ज्यू म्हणजे ज्यू आईचे अपत्य किंवा धर्मस्वीकार केलेली व्यक्ती अशी व्याख्या आली, पण त्याच दुरुस्तीने ज्यूच्या मुलांना, नातवंडांना आणि जोडीदारालाही येण्याचा हक्क दिला. म्हणजे तुम्ही वडिलांच्या आधाराने नागरिक होऊ शकता आणि तरी तेथील रब्बी न्यायालयाच्या नोंदीत ज्यू ठरणार नाही. याचा अनुभव लग्नाच्या वेळी येतो, कारण इस्राएलमध्ये ज्यूंचे लग्न रब्बींच्या अखत्यारीत असून नागरी विवाहाची सोय नाही; अनेक जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परतल्यावर ते नोंदवून घेतात. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, हेही लक्षात घ्या, आणि आईला येथे कोण आहे हा प्रश्न कागदांपूर्वीचा आहे. ज्या जागी तुम्हाला ‘खरी नाहीस’ हे वाक्य सरकारी शिक्क्यासह ऐकावे लागण्याची शक्यता आहे, तेथे केवळ ते वाक्य खोडून काढण्यासाठी जाऊ नका. नोकरी, भाषा, आत्याचा सहवास अशी वेगळी कारणे असतील तर जरूर विचार करा. आधी पर्यटक म्हणून दोन-तीन महिने राहून पाहा. जाण्यापूर्वी हिब्रू वाचता येईल इतकी शिकून घ्या, आणि तेथे गेल्यावर अश्दोदपुरते न थांबता दिमोना आणि लोदकडच्या मराठी घरांतही जा. तेथे मराठी बोलणारे वडीलधारे अजून आहेत, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघत आले आहे. १९६४ मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर बसलेल्यांपैकी कोणी त्यांच्यात भेटले तर त्यांना तुमचा प्रश्न विचारा आणि काय सांगितले ते मला कळवा.